लिलियन वॉल्ड : हेन्री स्ट्रीटवरचे शेजारघर



आपल्या बेने इस्राएल समाजात ज्या घरातून एकही शिक्षिका किंवा एकही नर्स निघाली नाही असे घर विरळाच. कोणाची आई, कोणाची मावशी, कोणाची आते मुंबईच्या इस्पितळांत पांढरा पोशाख घालून रात्रपाळी करीत असे. या देशात आल्यावरही आपल्या कित्येक मुलींनी तोच व्यवसाय पत्करला. मात्र ज्या बाईने नर्सला इस्पितळाच्या दाराबाहेर काढून गरिबाच्या खोलीपर्यंत, शाळेच्या वर्गापर्यंत आणि वस्तीच्या मधोमध नेऊन बसविले, तिचे नाव आपल्यात फारसे कोणी घेत नाही. ही बाई यहुदी घरात जन्मली. तिचे काम परदेशातून आलेल्या गरीब यहुद्यांच्या वस्तीत सुरू झाले आणि त्या कामाचे फळ पुढे आपल्या लेकरांपर्यंतही पोहोचले. म्हणून लिलियन वॉल्ड यांचे चरित्र आज थोडक्यात सांगावयाचे आम्ही योजिले आहे.

लिलियन वॉल्ड यांचा जन्म १० मार्च १८६७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहरी झाला. घराणे मूळचे जर्मनीकडचे. वडील मॅक्स वॉल्ड चष्मे व दृष्टीच्या उपकरणांचा व्यापार करीत. धंद्यात बरकत होती, घरात पुस्तके होती, गाणेबजावणे होते. चार भावंडांत लिलियनचा नंबर तिसरा. १८७८ साली कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे राहावयास गेले. तेथे तिला चांगल्या खासगी शाळेत घातले. सोळाव्या वर्षी तिने व्हासर कॉलेजात प्रवेशासाठी अर्ज केला, पण वय लहान म्हणून तो नामंजूर झाला. पुढची काही वर्षे सुखवस्तू घरातील मुलींची जशी जातात तशी गेली. भेटीगाठी, सहली, मेजवान्या, आणि मनात मात्र हुरहुर, की आपल्या हातून काही होत नाही.

मग एक साधी गोष्ट घडली. थोरल्या बहिणीच्या बाळंतपणात घरी शिकलेली नर्स आली. तिचे हात कसे चालतात, ती घाबरलेल्या घराला कसा धीर देते, हे लिलियनने पाहिले आणि आपण हेच शिकायचे असे ठरविले. १८८९ साली ती न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत दाखल झाली व १८९१ साली शिक्षण पुरे करून बाहेर पडली. त्या काळी श्रीमंत घरच्या मुलीने दुसऱ्याच्या जखमा धुणे लोकांच्या डोळ्यांवर येत असे. पण घरच्यांनी अडविले नाही, आणि अडविले असते तरी ती थांबली असती असे वाटत नाही. एक वर्ष अनाथ व उनाड मुलांच्या संस्थेत नोकरी केली. तेथील कोंडवाडा तिला मानवला नाही. म्हणून डॉक्टरीण व्हावे या विचाराने तिने स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात नाव घातले.

येथे थोडे थांबून त्या वेळच्या न्यूयॉर्कविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची हकिकत नीट उमजणार नाही. १८८१ नंतर रशियात यहुद्यांवर हल्ले सुरू झाले. रशिया, पोलंड, रुमानिया येथून हजारो कुटुंबे बोचकी घेऊन अमेरिकेस निघाली. त्यांतील पुष्कळशी न्यूयॉर्क शहराच्या लोअर ईस्ट साइड नावाच्या भागात उतरली. पाच पाच, सहा सहा मजली इमारती एकमेकींना चिकटून उभ्या. ज्यांनी मुंबईच्या चाळी पाहिल्या आहेत त्यांना थोडी कल्पना येईल, पण आपल्या चाळीला निदान पुढे गॅलरी असे व गॅलरीतून वारा येई. त्या इमारतींच्या आतल्या खोल्यांना खिडकीच नसे. दोन खोल्यांत सात-आठ माणसे, वर भाडे भागावे म्हणून ठेवलेले पोटभाडेकरू. त्याच खोल्यांत दिवसभर कपडे शिवण्याचे काम चाले आणि त्याच कपड्यांच्या ढिगाजवळ आजारी मूल निजलेले असे. भाषा यिद्दिश. इंग्रजी येत नसल्यामुळे इस्पितळात जाण्याची भीती. त्यात १८९३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली, कारखाने बंद पडले, आणि ज्यांच्या हाताला आधीच थोडे काम होते त्यांचे तेही गेले.

त्याच १८९३ सालच्या मार्चमध्ये वॉल्डबाई कॉलेज शिकता शिकता या वस्तीतील बायकांचा एक वर्ग घेत असत. आजाऱ्याची घरी शुश्रूषा कशी करावी, अंथरूण कसे घालावे, असा साधा अभ्यासक्रम होता. एका पावसाळी सकाळी वर्ग चालू असता एक लहान मुलगी आत आली आणि आपली आई आजारी आहे, चला, म्हणून विनवू लागली. बाईंनी वर्गातील चादरी व सामान उचलले आणि त्या मुलीच्या मागोमाग निघाल्या. चिखलाचे रस्ते, कचऱ्याची भरलेली पिंपे आणि अंधारे जिने ओलांडून त्या लडलो स्ट्रीटवरच्या एका इमारतीत, मागच्या बाजूच्या खोलीत पोहोचल्या. दोन खोल्यांत सात माणसांचे कुटुंब, शिवाय पोटभाडेकरू. बाळंतीण मळक्या बिछान्यावर पडलेली. दोन दिवसांपूर्वी रक्तस्राव झालेला, आणि तो तसाच, कोणी धुतलेला नाही. वॉल्डबाईंनी तिला स्वच्छ केले, अंथरूण बदलले, खोली झाडली, मुलांची तोंडे धुतली. निघताना त्या घरातील माणसे त्यांच्या हातांची चुंबने घेऊ लागली.

बाईंच्या मनाला जे लागले ते हे, की घरातील माणसे वाईट नव्हती, आळशीही नव्हती. त्यांचे एकमेकांवर प्रेम होते. फक्त त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचले नव्हते. शहरात इस्पितळे होती, डॉक्टर होते, दानशूर लोक होते, पण या सर्वांच्या आणि त्या खोलीच्या मध्ये ते अंधारे जिने होते. त्या दिवसानंतर वॉल्डबाई मेडिकल कॉलेजात परतल्या नाहीत. आपण या वस्तीतच राहावयाचे, नर्स म्हणून राहावयाचे आणि शेजारीण म्हणूनही राहावयाचे, असा त्यांनी निश्चय केला.

मेरी ब्रूस्टर नावाची त्यांची नर्सिंग शाळेतील मैत्रीण बरोबर आली. दोघींनी उन्हाळ्याचे दोन महिने रिव्हिंग्टन स्ट्रीटवर काढले, मग जेफरसन स्ट्रीटवरील एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर बिऱ्हाड थाटले. खर्चाचा प्रश्न होता. न्यूयॉर्कचे प्रख्यात यहुदी सावकार जेकब शिफ आणि बेटी लोब या बाई यांनी दरमहा पैसे देण्याचे कबूल केले. शिफ यांना आपल्या नावाचा गवगवा नको होता. त्यांना हिशेब मात्र नेमका लागे, व वॉल्डबाई तो पाठवीत. कोणाच्या घरी गेलो, काय आजार, काय केले, पुढे काय गरज, असे एकेका कुटुंबाचे टिपण त्या लिहीत. दान देणाऱ्याला गरिबाचे दुःख कागदावर नेमके दाखवावे, पण गरिबाला दात्यापुढे हात जोडून उभे करू नये, ही त्यांची रीत शेवटपर्यंत टिकली.

१८९५ साली शिफ यांनी २६५ हेन्री स्ट्रीट हे जुने घर घेऊन दिले. तेथे वॉल्डबाई आपल्या सोबतच्या नर्सेससह राहावयास गेल्या आणि हेच घर पुढे हेन्री स्ट्रीट सेटलमेंट म्हणून जगाला माहीत झाले. सेटलमेंट म्हणजे वस्तीत वस्ती करून राहणे. इंग्लंडात लंडनच्या गरीब भागात १८८४ साली टॉयन्बी हॉल निघाला होता, शिकागोत जेन अ‍ॅडम्सबाईंनी १८८९ साली हल हाऊस उघडले होते. शिकलेली माणसे दुपारी येऊन उपदेश करून संध्याकाळी आपल्या बंगल्यात परत जात नाहीत, तर त्याच गल्लीत राहतात, त्याच दुकानातून पाव आणतात, ही या संस्थांची खूण. आम्ही आपल्या भाषेत त्याला शेजारघर म्हणतो.

या शेजारघराचे नियम पाहण्यासारखे आहेत. नर्सला बोलावण्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागत नसे. आईने, शेजारणीने किंवा एखाद्या लहान मुलाने निरोप आणला तरी ती जाई. धर्म, जात, देश विचारला जात नसे आणि धर्माचा प्रचारही होत नसे. त्या वस्तीत औषधाच्या बाटलीबरोबर बाप्तिस्म्याचे कागद घेऊन फिरणारेही होते, म्हणून ही गोष्ट लोकांना मोलाची वाटली. ज्याची ऐपत असेल त्याने भेटीचे काही सेंट द्यावेत, ज्याची नसेल त्याने देऊ नयेत. काही सेंटांनी संस्थेचा खर्च निघत नव्हता हे उघड आहे. पण ज्या आईने आपल्या कनवटीचे नाणे काढून दिले, तिला आपण भीक घेतली असे वाटत नव्हते. गरिबाचा स्वाभिमान राखणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे, हे वॉल्डबाईंना उमगले होते.

नर्सेस दिवसभर जिने चढत आणि उतरत. एका इमारतीतून दुसरीत जाताना खाली उतरून पुन्हा चढण्यापेक्षा गच्चीवरून पलीकडच्या गच्चीवर जात. काळी पिशवी हातात घेऊन कठडा ओलांडणाऱ्या अशा नर्सचे एक छायाचित्र फार प्रसिद्ध आहे. इस्पितळात न जाता घरीच पुष्कळ आजारी बरे होऊ लागले. १९१३ सालापर्यंत ९२ नर्सेस वर्षाला २ लाख भेटी देत होत्या आणि सेटलमेंटच्या निरनिराळ्या वर्गांत व मंडळांत ३ हजार माणसे येत होती. सुरुवात दोघींनी केली होती हे ध्यानात घेतले म्हणजे वीस वर्षांत केवढे काम उभे राहिले ते कळते.

आता कोणी विचारील, की नर्सिंगच्या संस्थेत वर्ग आणि मंडळे कशाला? याचे उत्तर त्या घराघरांतील भेटींतच आहे. नर्स मुलाचा ताप पाहावयास जाई आणि तेथे तिला दिसे की मूल बरे झाले तरी खेळावयास जागा नाही, रस्त्यावर घोडागाड्या धावतात. मग शेजारघराच्या मागच्या अंगणात झोपाळे, वाळू आणि झाडांच्या कुंड्या आल्या. सकाळी तान्ही बाळे, दुपारी शाळेची मुले, संध्याकाळी कारखान्यातून सुटलेल्या मुली. अंगण अपुरे पडू लागले तेव्हा वॉल्डबाई व त्यांच्या सोबत्यांनी शहराच्या कारभाऱ्यांकडे धरणे धरले. १९०३ साली त्याच भागात सुअर्ड पार्क येथे नगरपालिकेने मुलांचे मैदान बांधून उघडले. नगरपालिकेने स्वतः बांधलेले कायमचे मैदान म्हणून अमेरिकेत त्याचा पहिला मान आहे.

नर्सला असेही दिसे की हुशार मुलाला अभ्यासाला कोपरा नाही. एकच टेबल, त्यावर बाप कपडे कापतो, आई भाजी चिरते, भाऊ जेवतो. मग शेजारघरात अभ्यासिका निघाली. दिवा, टेबल, शांतता आणि अडले तर सांगणारे माणूस. आम्ही जन्म शिक्षकी पेशात घालविला, म्हणून सांगतो, की गरीब मुलाला शिष्यवृत्तीच्या आधी या चार वस्तू लागतात. जी मुले इतरांबरोबर चालू शकत नव्हती, ज्यांना शाळा मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर बसवी, त्यांच्यासाठी एलिझाबेथ फॅरेल या शिक्षिकेने हेन्री स्ट्रीटवरील सरकारी शाळेत वेगळा वर्ग सुरू केला. त्या स्वतः वॉल्डबाईंच्या घरात राहत. मंद मुलांसाठी वेगळ्या शिक्षणाची व्यवस्था न्यूयॉर्कच्या शाळांत तेथून रुजली.

शाळेची दुसरी हकिकत याहून मोठी आहे. त्या वेळी शहराचे डॉक्टर शाळांत येऊन मुले तपासत व ज्याला खुपऱ्या, खरूज, गजकर्ण किंवा उवा असतील त्याला घरी पाठवीत. घरी गेलेल्या मुलाच्या हातात चिठ्ठी, ती आईला वाचता येत नाही, औषध कोण देणार? मूल आठवडेच्या आठवडे रस्त्यावर भटके आणि त्याच मुलांत खेळून रोग पसरवी. म्हणजे शिक्षण गेले आणि रोगही गेला नाही. १९०२ साली वॉल्डबाईंनी शहराला आपली एक नर्स एक महिन्यासाठी देऊ केली. लिना रॉजर्स त्यांचे नाव. चार शाळा त्यांच्याकडे दिल्या. साध्या आजारावर त्या शाळेतच मलम लावीत, डोळे धूत आणि दुपारी मुलाच्या घरी जाऊन आईला करून दाखवीत. मूल वर्गात राही. महिना संपण्याच्या आतच फरक दिसला व शहराने स्वतःच्या पैशाने नर्सेस नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये सुमारे साडेदहा हजार मुले घरी पाठविली गेली होती. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात ती संख्या सुमारे अकराशेवर आली. आज जगातील कित्येक शाळांत नर्स बसते. तिची खुर्ची प्रथम कोणी मांडली ते आता आपल्याला कळले.

अशा रीतीने एका घरचे दुखणे पुऱ्या वस्तीचा प्रश्न दाखवीत असे, आणि वस्तीचा प्रश्न शहरापुढे, शहराचा देशापुढे जाई. १९०९ साली वॉल्डबाईंच्या सांगण्यावरून मेट्रोपोलिटन लाइफ या विमा कंपनीने आपल्या विमेदार कामगारांना घरी नर्सची सेवा देण्यास आरंभ केला. पुढे ती सेवा अमेरिकेत व कॅनडात पसरली. त्याच्या काही वर्षे आधी, १९०३ च्या सुमारास, सरकारचा एक मंत्री कापसावरील किडीची पाहणी करण्यास निघाल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. बाईंच्या मनात आले, की कापसाच्या बोंडांची विचारपूस करण्यास सरकारजवळ खाते आहे, तर देशातील मुलांची विचारपूस करण्यास का नसावे? फ्लॉरेन्स केली या त्यांच्या सहकारिणीबरोबर त्यांनी नऊ वर्षे हा विषय लावून धरला. १९१२ साली अमेरिकन सरकारने मुलांसाठी स्वतंत्र खाते काढले व ज्युलिया लॅथ्रॉप या बाईंना त्याचे प्रमुख नेमले. त्याच वर्षी वस्त्यांतून काम करणाऱ्या नर्सेसची राष्ट्रीय संघटना निघाली व वॉल्डबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

त्यांचे शेजारपण केवळ यहुद्यांपुरते नव्हते. १९०६ साली त्यांनी एलिझाबेथ टायलर या काळ्या वर्णाच्या नर्सला कामावर घेतले आणि काळ्या लोकांच्या वस्तीत सेटलमेंटची शाखा निघाली. १९०९ साली काळ्या लोकांच्या हक्कांसाठी न्यूयॉर्कमध्ये परिषद भरली तेव्हा गोऱ्या व काळ्या पाहुण्यांना एकत्र बसवावयास जागा मिळणे कठीण होते. वॉल्डबाईंनी आपल्या जेवणघराचे दार उघडले. त्या परिषदेतूनच काळ्या लोकांची सर्वांत मोठी हक्कसंघटना जन्मास आली.

एवढे सगळे करून त्यांना नेहमी हारतुरेच मिळाले असे नाही. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. त्याच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या स्त्रियांनी शांततेसाठी मूक मिरवणूक काढली. तिच्या पुढाऱ्यांत वॉल्डबाई होत्या. अमेरिकेने युद्धात पडू नये म्हणून त्यांनी उघड प्रचार केला. त्यामुळे काही दात्यांनी हात आखडता घेतला. १९१९ साली देशाला धोकादायक मानलेल्या माणसांची एक यादी जाहीर झाली, तीत जेन अ‍ॅडम्स यांच्याबरोबर वॉल्डबाईंचेही नाव होते. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९१८ च्या शरद ऋतूत, इन्फ्लुएन्झाची भयंकर साथ शहरात पसरली तेव्हा हीच बाई सर्वांना आठवली होती. नर्सेसच्या तातडीच्या मंडळाची सूत्रे त्यांच्या हाती दिली गेली. निरनिराळ्या संस्थांच्या नर्सेस त्यांनी एका व्यवस्थेखाली आणल्या, शिकलेल्या व न शिकलेल्या स्वयंसेविका जमविल्या, आणि ज्या घरात सगळीच माणसे अंथरुणाला खिळली होती तेथे पाणी व सूप पोहोचविले. पंचवीस वर्षे जिने चढून जी ओळख झाली होती ती त्या वेळी कामास आली. संकट आल्यावर ओळखी करून घेता येत नाहीत, त्या आधी करून ठेवाव्या लागतात.

वॉल्डबाईंनी लग्न केले नाही. १९१५ साली त्यांनी हेन्री स्ट्रीटच्या घराविषयी एक पुस्तक लिहिले व १९३४ साली दुसरे. तोवर प्रकृती ढासळली होती. १९३३ साली त्यांनी चाळीस वर्षांनंतर कारभार सोडला आणि हेलन हॉल या बाईंकडे सोपविला. १ सप्टेंबर १९४० रोजी कनेक्टिकट राज्यातील वेस्टपोर्ट येथे त्यांचे देहावसान झाले. १९४४ साली नर्सिंगची शाखा स्वतंत्र संस्था झाली. हेन्री स्ट्रीटचे शेजारघर मात्र त्याच जागी आजही चालू आहे. वस्तीतील माणसे बदलली, यहुदी गेले, पोर्तो रिकोचे आले, चिनी आले, पण दार तेच राहिले.

आता हे फळ आपल्यापर्यंत कसे आले ते सांगतो. १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये हेन्रिएटा सोल्ड व त्यांच्या मैत्रिणींनी हदासा ही स्त्रियांची संस्था स्थापिली. दुसऱ्याच वर्षी, १९१३ साली, हदासाने रोझ कॅपलन व रेचल लँडी या दोन नर्सेस यरुशलेमला पाठविल्या. दोघींनी वस्तीत घर घेतले, दारावर पाटी लावली आणि घरोघर जाऊन बाळंतिणींची व खुपऱ्यांनी डोळे गेलेल्या मुलांची सेवा सुरू केली. दोन नर्सेस, एक घर आणि शेजार, ही तीच हेन्री स्ट्रीटची पद्धत. महायुद्धात ते काम थांबले, पण पुढे १९२० नंतरच्या वर्षांत हदासाने यरुशलेमात आईमुलांसाठी जी ठाणी उघडली त्यांना लोक तिपात हलाव, म्हणजे दुधाचा थेंब, म्हणू लागले. वाचक भगिनींनो, हे नाव तुम्हांला नवे नाही. बेरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद, जेथे जेथे आपली माणसे वसली तेथे हिब्रूचे दोन शब्द येत नसतानाही आपल्या आया बाळाला कापडात गुंडाळून तिपात हलावला घेऊन गेल्या. तेथील नर्सने बाळाचे वजन केले, लस टोचली आणि खुणांनी सांगितले की बाळ ठीक आहे. परक्या देशातला पहिला धीर कित्येकींना तेथे मिळाला.

मुंबईकरांसाठी आणखी एक दुवा आहे. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्यात नेबरहुड हाऊस उघडले. तेही अमेरिकेतील सेटलमेंटच्याच धर्तीवर होते. मिशनचे असूनही तेथे धर्मांतराचा आग्रह नव्हता. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, यहुदी, कोणीही यावे. भायखळा व नागपाडा हा आपल्या लोकांचाही मुलूख, हे सांगावयास नको. १९३६ साली त्याच वास्तूत समाजसेवेचे शिक्षण देणारी टाटांची शाळा सुरू झाली. आज तिला टाटा समाज विज्ञान संस्था म्हणतात.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? इस्राएलात आज गावोगाव मतनास आहेत, आपल्या समाजाचीही सभागृहे आहेत. इमारतीची उणीव आपल्याला फारशी नाही. पण वॉल्डबाईंची थोरवी इमारतीत नव्हती. घर मिळण्याआधी दोन वर्षे त्या भाड्याच्या खोलीत राहून तेच काम करीत होत्या. लग्न, मलिदा व सणासाठी उघडणारे आणि एरवी कुलूप लागलेले सभागृह कुटुंबाच्या उपयोगी पडते ते वर्षातून चार दिवस. तेच आठवड्यातून दोन संध्याकाळ उघडले, तेथे मुलांना गणित व इंग्रजी सांगणारे कोणी बसले, आजीआजोबांचा रक्तदाब पाहणारी निवृत्त नर्स आली, सरकारी कागद वाचून समजावणारा एखादा तरुण आला, तर त्याचा उपयोग वर्षभर होईल. आपल्यात निवृत्त नर्सेस आणि शिक्षक थोडे नाहीत. आम्हीही त्यांतलेच.

आणि जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्याकडे आपण जावे. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, मराठी बोलावयास कोणी नसलेल्या आपल्या कित्येक वृद्ध माणसांना औषधाइतकीच दारावरच्या टकटकीची वाट असते. हे वाचून झाल्यावर आपल्या इमारतीतील किंवा शेजारच्या गल्लीतील अशा एका घराची आठवण करावी, आणि या शब्बाथच्या आत तेथे एकदा जाऊन यावे, एवढेच आमचे मागणे आहे.